विहिरीत न वाकता विहिरीची त्रिज्या: जीवा, लंब आणि केंद्र यांचा व्यवहारातील उपयोग

कोकणातील वाडीत विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवायची ठरली की जाळी करणारा कारागीर पहिला प्रश्न व्यासाचा विचारतो. मग दोन माणसे कठड्याच्या समोरासमोरच्या बाजूंना उभी राहून टेप धरतात, मध्ये रहाटाचे खांब किंवा पंपाचा पाईप आडवा येतो, टेपाला झोळ पडतो, आणि ताणलेला टेप केंद्रावरून जातो आहे की थोडा बाजूने, हे ठरवण्यासाठी पाण्यावर कोठेही खूण नसते. व्यास ही वर्तुळातील सर्वांत मोठी जीवा असल्यामुळे टेपाचे एक टोक पक्के धरून दुसरे सरकवत सर्वांत मोठे माप शोधले, तर लांबी बरी मिळते. परंतु ८ फूट व्यासाच्या विहिरीत ते दुसरे टोक वीतभर सरकले तरी लांबीत अर्ध्या इंचाहूनही कमी फरक पडतो, आणि म्हणून केंद्र नेमके कोठे आहे हे त्या मापावरून कळत नाही. विहिरीची एक बाजू बांधाला किंवा परसातील भिंतीला टेकलेली असेल, तर ही रीत मुळातच चालत नाही.

केंद्रापर्यंत हात न पोहोचता केंद्र आणि त्रिज्या शोधण्याचे साधन आपण शाळेतच शिकलेलो असतो. इयत्ता नववीच्या भूमितीत ‘वर्तुळकेंद्रातून जीवेवर काढलेला लंब जीवेला दुभागतो’ हे प्रमेय असते. त्याची सिद्धता पाठ होते, गुण मिळतात आणि विषय तेथेच संपतो. प्रत्यक्षात गवंडी, सुतार, रेल्वेमार्गाची देखभाल करणारे आणि समुद्रावर जाणारे या सर्वांच्या कामाचे असे हे प्रमेय आहे. ते कसे वापरावे, कोठे जपून वापरावे आणि कोणते माप अधिक काळजीने घ्यावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

तीन गुण, त्यांपैकी दोन पुरेसे

वर्तुळातील एका जीवेसंबंधी एखाद्या रेषेला तीन गुण असू शकतात: ती केंद्रातून जाते, ती जीवेला लंब असते आणि ती जीवेला दुभागते. यांपैकी कोणतेही दोन गुण असतील तर तिसरा आपोआप येतो. पुस्तकात ही गोष्ट दोन स्वतंत्र प्रमेये म्हणून येते आणि तिसरा प्रकार त्रिकोणाच्या प्रकरणात लंबदुभाजकाच्या नावाखाली कोठेतरी पडलेला असतो. तिन्ही एकत्र ठेवली की कोणत्या कामाला कोणते घ्यावे हे लगेच दिसते.

सिद्धता लहान आहे आणि ती समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण पुढील सर्व हिशेब त्याच काटकोन त्रिकोणावर उभे आहेत. केंद्र ‘क’ आणि जीवा ‘अब’ घ्यावी. ‘क’ पासून जीवेवर टाकलेला लंब तिला ‘म’ बिंदूत मिळतो असे मानावे. त्रिकोण ‘कमअ’ आणि त्रिकोण ‘कमब’ या दोहोंत ‘म’ जवळचा कोन काटकोन आहे, ‘कअ’ आणि ‘कब’ हे कर्ण एकाच वर्तुळाच्या त्रिज्या असल्यामुळे समान आहेत आणि ‘कम’ ही बाजू सामाईक आहे. कर्ण-भुजा कसोटीने हे त्रिकोण एकरूप ठरतात आणि ‘अम’ व ‘बम’ समान होतात. उलट बाजूने, ‘म’ हा जीवेचा मध्य आहे असे घेऊन सुरुवात केली तर त्याच त्रिकोणांच्या तिन्ही बाजू जुळतात. मग ‘म’ जवळचे दोन कोन समान येतात, ते रेषीय जोडीत असल्यामुळे त्यांची बेरीज १८० अंश असते, आणि म्हणून प्रत्येक कोन काटकोन असतो.

तिसरा प्रकार व्यवहारात सर्वांत अधिक चालतो. जीवेच्या लंबदुभाजकावर ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यापासून समान अंतरावर असणारे सर्व बिंदू असतात, त्याखेरीज दुसरा कोणताही बिंदू नसतो. केंद्र हे ‘अ’ आणि ‘ब’ पासून समान अंतरावर असतेच. तेव्हा ते या लंबदुभाजकावर असलेच पाहिजे. केंद्र अज्ञात असताना मध्य आणि लंब ही दोन्ही कामे आपण टेप आणि गुण्या घेऊन करू शकतो, आणि त्यांतून केंद्राची दिशा मिळते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. जीवा स्वतःच व्यास असेल, तर केंद्रातून जाणारी प्रत्येक रेषा तिला दुभागते, मग ती लंब असो वा नसो. ‘केंद्रातून जाते आणि दुभागते, म्हणून लंब’ हे विधान व्यास सोडून इतर जीवांनाच लागू आहे. परीक्षेत या ठिकाणी चांगली मुलेही घसरतात.

पूर्ण वर्तुळ हाताशी असेल तेव्हा

सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे आणि खेळणी प्रसिद्ध आहेत. अशा कामासाठी लेथवर लाकडाचा गोल तुकडा चढवायचा असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांचे मध्य आधी शोधावे लागतात. येथे संपूर्ण वर्तुळ समोर असल्यामुळे एकच जीवा पुरते. टोकाच्या गोल तोंडावर पट्टीने कोठेही एक सरळ रेघ ओढावी, मात्र ती अगदी कडेला नसावी. तिचा मध्य काढावा आणि त्या मध्यावर गुण्या लावून दोन्ही बाजूंच्या कडेपर्यंत लंब रेघ न्यावी. ही दुसरी रेघ केंद्रातून जाते, म्हणजेच ती व्यास आहे. तिचा मध्य काढला की केंद्र मिळाले. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथात तिसऱ्या खंडाचे पहिले विधान म्हणून हीच रचना दिली आहे.

लाकूड क्वचितच खरे गोल असते. त्यामुळे पहिल्या जीवेशी साधारण काटकोनात दुसरी जीवा घेऊन कृती पुन्हा करावी. दोन उत्तरांत सुताच्या जाडीएवढा फरक आला तर दोहोंच्या मधला बिंदू घ्यावा; याहून अधिक फरक असेल तर तुकडाच लंबगोल आहे असे समजावे आणि अधिक रुंद बाजू तासून घ्यावी.

गंजिफांसाठी, म्हणजे खेळायच्या गोल पत्त्यांसाठी, कापलेल्या गोल पुठ्ठ्यासारखी लहान वस्तू असेल तर याहूनही सोपी रीत आहे. कागदाचा काटकोनी कोपरा वर्तुळाच्या कडेवर ठेवावा. त्याच्या दोन्ही बाजू जेथे वर्तुळाला छेदतात ते बिंदू जोडले की व्यास मिळतो, कारण अर्धवर्तुळात आंतरलिखित केलेला कोन काटकोन असतो. कोपरा दुसऱ्या जागी ठेवून आणखी एक व्यास काढावा, आणि दोन व्यास जेथे छेदतील ते केंद्र. मोठ्या वस्तूंना ही रीत गैरसोयीची आहे, कारण तेवढा मोठा आणि अचूक काटकोन कोणाकडे नसतो.

तुकडाच उरला असेल तेव्हा

जुन्या घरात जात्याची फुटलेली तळी बहुधा परसात पडून असते, आणि तिच्या मापाची दुसरी तळी घडवून घ्यायची तर मूळ व्यास लागतो. पूर्ण वर्तुळ नसल्यामुळे लंबदुभाजक समोरच्या कडेपर्यंत नेता येत नाही, म्हणून येथे दोन जीवा आवश्यक ठरतात. तुकडा जाड कागदावर ठेवून त्याच्या शाबूत कडेभोवती पेन्सिलीने कंस उतरवून घ्यावा आणि कंसावर अ, ब, ड असे तीन बिंदू घ्यावेत. ‘अब’ आणि ‘बड’ या जीवांचे लंबदुभाजक काढावेत: प्रत्येक टोकावर कंपासची टोचणी ठेवून, जीवेच्या अर्ध्याहून मोठे अंतर घेऊन दोन्ही अंगांना खुणा कराव्यात आणि त्या खुणा जोडाव्यात. दोन लंबदुभाजक छेदतात तेथे केंद्र असते.

बिंदू निवडताना कंजूषी करू नये. अ आणि ड हे कंसाच्या दोन टोकांजवळ आणि ब साधारण मध्ये असावा. दोन्ही जीवा लहान आणि जवळजवळ एकाच दिशेच्या असतील, तर त्यांचे लंबदुभाजक अतिशय लहान कोनात एकमेकांना छेदतात, आणि पेन्सिलीच्या टोकाएवढी चूक केंद्राला बोटभर दूर नेते. माझ्या मते कंस पूर्ण वर्तुळाच्या चौथ्या हिश्शाहून लहान असेल तर या रचनेवर विसंबू नये. तिसरी जीवा ‘अड’ घेऊन तिचाही लंबदुभाजक काढून पाहावा. तो आधीच्या दोहोंच्या छेदनबिंदूतून गेला पाहिजे. न गेल्यास रचना कोठेतरी ढिली आहे.

विहीर: शर मोजून त्रिज्या

आता मूळ प्रश्नाकडे वळू. येथे केंद्र पाण्यावर आहे आणि आपल्याला तेथे जायचेही नाही, तेव्हा केंद्र शोधण्याऐवजी थेट त्रिज्येचा हिशेब करणे श्रेयस्कर. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतच्या लंब अंतराला भारतीय गणितात शर म्हणतात. अर्धी जीवा आणि शर एवढी दोनच मापे असली की त्रिज्या निघते. केंद्रापासून जीवेपर्यंतचे अंतर त्रिज्येतून शर वजा केल्यावर उरते ते. म्हणून पायथागोरसच्या प्रमेयानुसार त्रिज्येचा वर्ग हा अर्धजीवेचा वर्ग अधिक (त्रिज्या वजा शर) याचा वर्ग एवढा असतो. हे सोडवले की रीत अशी होते: अर्धजीवेचा वर्ग आणि शराचा वर्ग यांची बेरीज करावी आणि तिला शराच्या दुपटीने भागावे.

कोकणात विहिरीचा कठडा बहुधा जांभ्या चिऱ्यांचा, वरून सिमेंटचा गिलावा केलेला आणि माथ्यावर सपाट असतो. हा माथा म्हणजे दोन समकेंद्री वर्तुळांमधील कडे आहे, आणि हेच आपल्या सोयीचे आहे. न ताणणारी बारीक सुतळी, स्टीलचा टेप, गुण्या आणि खडू एवढे साहित्य घ्यावे. नायलॉनची दोरी टाळावी, कारण ती ओढली की लांबते. दोन जणांनी कठड्याच्या बाहेर जमिनीवर उभे राहून सुतळीची टोके माथ्याच्या बाहेरच्या कडेवर धरावीत आणि सुतळी हळूहळू आत सरकवत न्यावी, जोपर्यंत ती आतल्या कडेला एकाच जागी, न वाकता, नुसती टेकते. सुतळी पूर्णपणे माथ्यावरच राहते, पाण्यावर कोणालाही वाकावे लागत नाही. टोकांच्या जागी ‘अ’ आणि ‘ब’ अशा खडूच्या खुणा कराव्यात, ‘अब’ मोजावे आणि तिच्या मध्यावर ‘म’ ही खूण करावी.

आता प्रमेय स्वतःच मोजणी तपासून देते. सुतळी आतल्या वर्तुळाची स्पर्शिका आहे, स्पर्शबिंदूपर्यंतची त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते, आणि तीच रेषा बाहेरच्या वर्तुळाच्या केंद्रातूनही जाते. म्हणून सुतळी आतल्या कडेला नेमकी ‘म’ पाशीच टेकली पाहिजे. ती दोन-चार इंच बाजूला टेकत असेल तर आतली कड झिजलेली आहे किंवा कठडा सर्वत्र सारख्या जाडीचा नाही, आणि ती जागा सोडून दुसरीकडे माप घ्यावे. जुळल्यास ‘म’ वर गुण्या लावून सुतळीशी काटकोनात बाहेरच्या कडेपर्यंत अंतर मोजावे. हा शर झाला, आणि तीच कठड्याची जाडीही आहे.

समजा ‘अब’ ६ फूट आणि शर १ फूट आला. अर्धजीवा ३ फूट. ३ चा वर्ग ९, १ चा वर्ग १, बेरीज १०, भागिले २, म्हणजे बाहेरची त्रिज्या ५ फूट. त्यातून १ फूट जाडी वजा केली की आतली त्रिज्या ४ फूट, आणि जाळीसाठी विहिरीच्या तोंडाचा व्यास ८ फूट. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे सुमारे ११५० साली, या नियमाचे उदाहरण म्हणून दिलेले वर्तुळही व्यास १०, जीवा ६ आणि शर १ असेच आहे. त्यात आधी शर, मग जीवा आणि शेवटी व्यास असे तिन्ही काढायला सांगितले आहेत. त्याही आधी, ४९९ सालच्या आर्यभटीयात, जीवेने व्यासाचे जे दोन शर होतात त्यांचा गुणाकार अर्धजीवेच्या वर्गाएवढा असतो असे सूत्र आहे. आपल्या विहिरीत एक शर १ फूट आणि समोरचा ९ फूट. गुणाकार ९, आणि ३ चा वर्गही ९. तोंडी ताळा करायला ही रीत फार सोयीची आहे.

त्याच सुतळीतून आणखी एक उत्तर फुकट मिळते. कठड्याच्या माथ्यावर फरशी किंवा नवा गिलावा करायचा असेल तर त्या कड्याचे क्षेत्रफळ लागते. बाहेरच्या त्रिज्येच्या वर्गातून आतल्या त्रिज्येचा वर्ग वजा केल्यावर अर्धजीवेचाच वर्ग उरतो, म्हणून क्षेत्रफळ केवळ ३.१४ गुणिले अर्धजीवेचा वर्ग एवढे येते. येथे ३.१४ गुणिले ९, म्हणजे सुमारे २८ चौरस फूट. दोन्ही त्रिज्या अज्ञात असल्या तरी हे उत्तर मिळते, आणि या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर गोष्ट मला हीच वाटते.

कोणते माप जपून घ्यावे, याचा विचार मोजण्याआधी करावा. वरील उदाहरणात शर मोजताना अर्धा इंच जास्त धरला, तर त्रिज्या जवळजवळ २ इंचांनी कमी येते. पूर्ण जीवा मोजताना तेवढीच चूक झाली तर त्रिज्येत पाऊण इंचाचा फरक पडतो. चूक शरात महाग पडते, म्हणून शर तीनदा मोजावा आणि गुण्या खरोखर काटकोनात बसला आहे याची खात्री करावी. शर जितका लहान तितका धोका अधिक; म्हणून सहा इंच जाडीच्या कठड्यावर ही रीत वापरताना मिलिमीटरमध्ये मापे घ्यावीत. कठडाच नसेल आणि केवळ जमिनीलगत कड असेल, तर दोन्ही टोके आतल्या कडेवर ठेवून लहान जीवा ताणावी आणि तिच्या मध्यापासून कडेपर्यंतचा शर मोजावा. सुतळी आणि कड यांच्यामध्ये पाण्याचा हातभर भागच येतो, तरीही हे काम पालथे झोपूनच करावे.

एका जागेच्या मापावर जाळी कापू नये. कठड्यावर निदान तीन ठिकाणी तीच कृती करावी. एकाच वर्तुळातील समान लांबीच्या जीवा केंद्रापासून समान अंतरावर असतात, म्हणजे त्यांचे शरही समान असतात. ६ फुटांची तीच सुतळी तीन जागी धरल्यावर एके ठिकाणी शर १२ इंच आणि दुसऱ्या ठिकाणी १० इंच आला, तर बाहेरची कड गोल नाही हे निश्चित. अशा वेळी सरासरी काढण्यात अर्थ नसतो. आतल्या कडेचा जाड कागदावर ठसा घेऊन त्या साच्यावरूनच जाळी करून घ्यावी.

कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्यांनी कितीतरी वळणे अनुभवलेली असतात. भारतीय रेल्वेत वळणाची त्रिज्या तपासण्याची पद्धत हीच आहे. रुळाच्या कडेवर २० मीटर लांबीची जीवा धरून तिच्या मध्यावरील शर मिलिमीटरमध्ये मोजतात, ज्याला ते व्हर्साईन म्हणतात, आणि दर १० मीटरला हे माप पुन्हा घेतात. १२५० मीटर त्रिज्येच्या वळणावर हा शर ४० मिलिमीटर येतो. शर इतका लहान असताना त्याचा वर्ग सोडून देता येतो, आणि सूत्र अर्धजीवेचा वर्ग भागिले शराची दुप्पट एवढेच उरते. सलग मापे सारखी आली तर वळण गोल आहे. एखादे माप मध्येच फुगले तर रूळ तेथे सरकला आहे. हे काम रेल्वेच्या माणसांचे आहे, रुळावर जाऊन कोणीही प्रयोग करू नये.

चिऱ्याची कमान

चिऱ्याच्या भिंतीत खिडकीवर चापट कमान काढायची असेल तर गवंड्याला दोन गोष्टी माहीत असतात: खिडकीची रुंदी, म्हणजे जीवा, आणि माथ्याचा उठाव, म्हणजे शर. रुंदी ४ फूट आणि उठाव ८ इंच असेल तर अर्धजीवा २४ इंच. २४ चा वर्ग ५७६, ८ चा वर्ग ६४, बेरीज ६४०, भागिले १६, म्हणजे त्रिज्या ४० इंच. केंद्र खिडकीच्या वरच्या रेषेखाली ३२ इंचांवर पडते. अंगणात किंवा मोठ्या प्लायवर ४८ इंचांची रेघ मारावी, तिच्या मध्यावरून गुण्याने लंब खाली न्यावा, ३२ इंचांवर खिळा ठोकावा, आणि ४० इंचांच्या तारेने कंस काढावा. कंस रेघेच्या दोन्ही टोकांतून गेला आणि मध्यावर ८ इंच उंच आला, तर साचा बरोबर आहे. उठाव ६ इंच ठेवला तर त्रिज्या ५१ इंच होते आणि ४ इंच ठेवला तर ७४ इंच. कमान जितकी चापट, तितका तिचा बाजूच्या भिंतींवरील आडवा रेटा जास्त, म्हणून खिडकी भिंतीच्या कोपऱ्याजवळ असेल तर उठाव कमी करण्याचा मोह टाळावा.

चिरे तासतानाही हेच प्रमेय उपयोगी पडते. प्रत्येक चिऱ्याचा खालचा तोंडवळा सपाट तासलेला असेल तर तो साच्याच्या कंसाची एक लहान जीवा असतो, आणि तिच्या मध्यावरील लंब केंद्रातून गेला पाहिजे. साचा जागेवर बसवल्यावर केंद्राच्या जागी भिंतीच्या गाळ्यात आडवी फळी ठोकून तिच्यावर खिळा मारावा आणि त्याला सुतळी बांधावी. प्रत्येक चिरा बसवताना सुतळी त्याच्या तोंडाच्या मध्यावर आणून गुण्या लावावा. काटकोन आला तर चिरा सरळ बसला आहे. सांधे मात्र त्रिज्येच्या दिशेने जावेत, तेव्हा सुतळी सांध्यावर आणून तो तिच्या रेषेत आहे ना, हेही तेथल्या तेथे पाहावे. सांधे समांतर ठेवून त्यांत चुना किंवा सिमेंट कोंबलेली कमान पाहिली की कारागिराने केंद्र विचारातच घेतले नव्हते हे ओळखू येते.

दीपगृहाच्या प्रकाशातून जाणारी नौका

किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या नौकेसाठी दीपगृहाचा प्रकाश जेथपर्यंत दिसतो ती मर्यादा हे एक वर्तुळ आहे, आणि नौकेचा सरळ मार्ग त्या वर्तुळाची जीवा. समजा प्रकाश १३ सागरी मैलांवरून दिसतो आणि नौका दीपगृहापासून कमीत कमी ५ सागरी मैलांवरून जाणार आहे. केंद्रापासून जीवेचे अंतर ५ आणि त्रिज्या १३, म्हणून अर्धजीवेचा वर्ग १६९ वजा २५, म्हणजे १४४, आणि अर्धजीवा १२ सागरी मैल. पूर्ण जीवा २४ मैलांची. वेग ताशी ८ सागरी मैल असेल तर प्रकाश ३ तास दिसत राहील.

मार्गावर दीपगृह जेव्हा नेमके नौकेच्या काटकोनात येते, तेव्हा ते सर्वांत जवळ असते, आणि प्रमेयानुसार तो बिंदू जीवेचा मध्य असतो. म्हणून रात्री ८ वाजता प्रकाश पहिल्यांदा दिसला आणि साडेनऊला दीपगृह काटकोनात आले, तर ११ वाजता तो मावळेल असा अंदाज, ना त्रिज्या ना अंतर माहीत असताना, केवळ घड्याळावरून बांधता येतो. दिशा एकच आणि वेग एकसारखा असणे ही मात्र अट आहे. प्रकाश ११ ऐवजी पावणेअकरालाच दिसेनासा झाला आणि हवा स्वच्छ असली, तर दुसऱ्या टप्प्यात प्रवाहाने किंवा वाऱ्याने नौकेला पुढे ढकलले आहे किंवा ती किनाऱ्यापासून दूर सरकली आहे, असे समजून होकायंत्र आणि जीपीएस यांवरून दिशा लगेच तपासावी.